खाज्या खंय आसा?

शिरोडा
शुक्रवार, ३० मे

रसिका,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. मेलमध्ये खोडलेलं दिसत नाही म्हणून सांगितलं.

फोन केला तर तू कापतेस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक येते, म्हणून आपल्या होमस्टेच्या बुकिंगच्या मेलवरून लिहितेय. जाहिरात समजून डिलीट करू नकोस.

आई पडली. परवा सकाळी, अंगणात. उजव्या खुब्याचं हाड मोडलंय. सावंतवाडीला एका खासगी दवाखान्यात ठेवलंय, उद्या ऑपरेशन आहे. ‘रसिकाक सांगू नको, थय परक्या मुलखात तिचो जीव टांगणीक लागतलो,’ असं आईचं म्हणणं. लागू दे. माझा एकटीचाच का लागावा?

कशी पडली तेही ऐक. तुझ्या कुत्र्याने पाडली.

पावसाआधीची शेवटची कोकमाची सोलं अंगणात वाळत घातली होती. आभाळ भरून आलं म्हणून आई सूप घेऊन ती गोळा करायला लागली. खाजाला ताडपत्रीखाली घुशीचा वास लागला असणार. त्याचे पुढचे पाय चालू झाले आणि अर्धी सोलं मातीत. मी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडले, ‘हाड! हाड!’ जगातला कुठलाही कुत्रा अशा वेळी शेपूट घालून पळतो. हा उलटा माझ्याच दिशेने सुटला, आणि आम्हा दोघांच्या मध्ये आई. तो तिच्या पायांत घुसला आणि ती गेली. पडल्यावर ओरडलीसुद्धा नाही. नुसती ‘आई गे’ म्हणाली आणि उपड्या झालेल्या सुपाकडे बघत राहिली.

जॅक रसेल टेरियर! कोल्ह्याच्या बिळात घुसायला इंग्रजांनी काढलेली जात म्हणे. आमच्या अंगणात कोल्हे नाहीत, त्यामुळे हा माडांची आळी उकरतो, पाहुण्यांच्या चपला पुरतो आणि मुंगूस दिसलं की अख्खी वाडी डोक्यावर घेतो. मांजराएवढा जीव, पण दिवसभर अंगात आल्यासारखा. तू ठाण्याला होतीस तेव्हा त्याला वाढवलंस, पांढऱ्या अंगावर गुळाच्या रंगाचे डाग म्हणून जत्रेतल्या गोड खाज्याचं नाव दिलंस. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, हा खाजा नव्हे, ही खाज आहे. मग तुम्ही मस्कतला निघालात आणि तो आमच्या गळ्यात पडला. ‘आईला सोबत’ म्हणे. सोबत! मग मी इथे काय खुंटी आहे?

बाबांच्या वर्षश्राद्धाला मी म्हटलं होतं, एक कुत्रा आणून ठेवला की मुलीचं कर्तव्य संपतं का. ते मी मागे घेत नाही. तू फोन बंद केलास म्हणून ते खोटं ठरत नाही.

त्याची काय ती सोय कर. तू केली नाहीस तर मी करीन.

स्वप्ना


शिरोडा
सोमवार, ९ जून

रसिका,

तुझं उत्तर मिळालं. ‘आई कशी आहे? खाजा कसा आहे? मला ऑगस्टपर्यंत रजा नाही.’ आईला आणि कुत्र्याला एका पंगतीला बसवलंस, वाढपही सारखंच.

आईचं सांगते. ऑपरेशन चांगलं झालं असं डॉक्टर म्हणतात. काल घरी आणलं. पडवीलगतच्या खोलीत पाहुण्यांची खाट आहे, तिच्यावर झोपवलंय, त्यामुळे ती खोली बुकिंगला बंद. वॉकर आणलाय. डॉक्टरांनी बजावलंय, रोज उभं करा, चालवा, आत्ता उठल्या नाहीत तर मग कायमच्या अंथरुणाला खिळतील. आणि आई उठत नाही. मी धरते, ती अंग सोडून देते. ‘मगे बघूया,’ म्हणते. दुखतं म्हणून नाही गं. दुखणं तिने जन्मभर सोसलंय, ते मला ओळखता येतं. हे वेगळं आहे. उठून जायचं कुठे, असं तिच्या चेहऱ्यावर असतं. मला भीती वाटते, रसिका. मी तुला असं लिहिणार नव्हते, पण वाटते.

खाजा ठीक आहे. मोकळ्या हवेत आहे, खायला-प्यायला भरपूर आहे.

आईचा फोन दवाखान्यात त्रास नको म्हणून मी बंद करून ठेवला होता, तो अजून कपाटातच आहे. तुझा शुक्रवारचा फोन लागला नाही म्हणून चिडू नकोस.

घर एकदम शांत आहे. सकाळी मासेवाली आली तेव्हा तिच्या टोपलीवर कोणी झेप घेतली नाही. माडांची आळी शाबूत आहेत. दुपारी बांगडा साफ करताना मी डोकं बाजूला काढून ठेवलं आणि मग ते कावळ्यांना टाकलं. सवय, दुसरं काय.

सोलं यंदा थोडीच हाती लागली. तुला पाठवणार नाही.

स्वप्ना


शिरोडा
शनिवार, १४ जून

रसिका,

काल तुझा फोन आला आणि माझं पितळ उघडं पडलं.

आईने सकाळी हट्ट करून स्वतःचा फोन मागून घेतला होता. तुझा फोन आला तेव्हा मी दारातच होते, पेजेची वाटी घेऊन. ती तुला म्हणाली, ‘खाज्या काय करता? थय तेका उष्मो सोसता मा?’ मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘खाज्या खंय आसा?’

तर आता दोघींनाही एकच सांगते. आई दवाखान्यात असताना मी त्याला देऊन टाकलं. आईला थाप मारली की रसिकाने माणूस पाठवून त्याला मस्कतला नेलं. तुला लिहिलं की मोकळ्या हवेत आहे. हे दुसरं तसं खोटं नव्हतं, तो आंबोलीला आहे.

ओमकार तुला आठवत नसेल. आंबोलीत रस्त्याकडेला त्याचं चहा-वड्याचं दुकान आहे, आपलं कोकम सरबत तो विकतो. बाटल्या न्यायला आला त्या दिवशी मी दवाखान्यातून नुकतीच घरी आले होते आणि खाजा आईच्या रिकाम्या खाटेखाली बसून रडत होता. ओमकार म्हणाला, ‘ताई, माका देवा तो. दुकानात उंदीर खूप झाले हत. ह्या जातीचे कुत्रे उंदराक सोडनत नाय.’ मी विचार केला नाही. म्हणजे केला, पण सगळा माझ्याच बाजूने केला.

मला वाटलं होतं आई रडेल, अबोला धरेल. ती उठून बसली. आपली आपण, माझा हात न धरता.

‘आंबोलीक? रस्त्यार? गो, थय सगळे तेका हाड म्हणतले!’

‘म्हणूदेत. कुत्र्याला दुसरं काय म्हणतात?’

‘हाड म्हटल्यार तो येता,’ आई म्हणाली.

मला कळेचना. मग तिने सांगितलं. तू ठाण्याला त्याला ते रबराचं हाड आणलं होतंस. हातात धरून ‘हाड! हाड!’ म्हणायचीस आणि असेल तिथून तो धावत यायचा. तुमच्या सोसायटीत त्याला हाकलणारं कोण होतं? त्याच्या लेखी हाड म्हणजे ये, माझ्याकडे तुझ्यासाठी काहीतरी आहे. हे तू आईला हसत हसत सांगितलं होतंस. मला सांगायचं कोणाला सुचलं नाही.

आणि आई! मी त्याला खाटेवर, देवघरात, स्वयंपाकघरात यायची बंदी केली होती ना? माझी चाहूल लागली की आई मोठ्याने म्हणायची, ‘हाड रे, हाड मेल्या!’ आणि तो टुणकन तिच्या मांडीवर. मी म्हणायचे, काय निगरगट्ट कुत्रा आहे, आणि आई मान हलवायची, ‘ऐकणाच नाय गो.’ इतके महिने दोघांनी मिळून मला वेड्यात काढलं. काल मला हसूच फुटलं. हसता हसता मात्र ते अंगण आठवलं.

‘म्हणजे त्या दिवशी अंगणात...’ मी म्हटलं.

‘तू हाक मारलंस, तो इलो,’ आई म्हणाली. ‘तेचो काय गुन्हो?’

तिला पहिल्यापासून माहीत होतं. मी दवाखान्यात बसून कुत्र्याला शिव्या घालत होते तेव्हाही ती एका शब्दाने बोलली नाही की बाई, त्याला तूच बोलावलंस. एका हाडापायी दुसरं हाड मोडलं आणि ते मी मोडलं. हे मी तुला लिहितेय ते तू क्षमा करावीस म्हणून नाही. तुला कळायला हवं एवढंच.

आईला मात्र त्याचं काही नाही. तिचा सगळा जीव आंबोलीला. ‘थय गाडयेतसून लोक उतरतत. हो वड्याच्या वासान जातलो. ते हाड म्हणतले, हो आणखी फुडे जातलो. मगे मारतले. हाड म्हणत म्हणत मारतले तेका, आणि कित्याक मारतत ता तेका कळाचाच नाय.’ तुला माहीतच आहे, ती त्याला माझो झील म्हणते. दोन मुलींवर तिला तो एक मुलगा झाला.

मी ओमकारला फोन लावला. ‘ताई, मीच तुमका फोन करणार होतंय,’ म्हणाला. ‘येडो कुत्रो तो. गिऱ्हाईक हाड करता आणि हो तेच्याच अंगार जाता. बुधवारी एका पावण्यान छत्रीयेन मारल्यान. मगेसून दिसाक नाय.’

उद्या पहिल्या गाडीने जाते. शेजारच्या काशीबाई आईजवळ बसतील. तो मिळाला नाही तर परत येऊन आईला काय सांगायचं ते मला माहीत नाही. ती परत आडवी झाली की उठायची नाही, हे मात्र माहीत आहे.

स्वप्ना


शिरोडा
सोमवार, १६ जून

रसिका,

तो मिळाला. हे आधी लिहिते, नाहीतर तू पुढचं धड वाचणार नाहीस.

सावंतवाडीला गाडी बदलून घाट चढले. आंबोलीत धुकं असं की समोरच्या माणसाचे पायच आधी दिसत होते. रविवार, त्यामुळे पर्यटकांची जत्रा. गाड्यांतून गाणी, मक्याच्या कणसांचा धूर आणि रस्त्याच्या मधोमध नाचणारी पोरं. ओमकारचं तोंड उतरलेलं होतं. ‘काल धबधब्याच्या वाटेर दिसल्यासारखो वाटलो,’ म्हणाला. दुकान टाकून माझ्याबरोबर यायला निघाला, मीच नको म्हटलं.

मी रस्त्याने हाका मारत सुटले. खाजा! खाज्या! एकदा तुझ्यासारखी लाडाने मारून बघितली, एकदा आईसारखी. प्रत्येक टपरीखाली वाकून बघितलं. काही नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या तोंडून त्याने त्याचं नाव कधी ऐकलंच नव्हतं. मी त्याला मेल्या म्हणायचे, शिंच्या म्हणायचे, पाहुण्यांसमोर ‘आईचा कुत्रा’ म्हणायचे. माझ्या आवाजात त्याच्या ओळखीचा शब्द एकच होता.

तर मी धबधब्याच्या वाटेवर उभी राहून ओरडले. हाड! हाड! हाड!

लोक बघायला लागले. एका बाईने आपल्या मुलाला मागे ओढलं. एका टोळक्यातला एक जण म्हणाला, ‘मावशी, कुत्राच नाही तर हाड कुणाला?’ आणि सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते. पन्नाशीची बाई भर पावसात नसलेल्या कुत्र्याला हाकलतेय. मी जमेल तेवढं गोड ओरडायचा प्रयत्न केला, पण तो शब्द मायेने म्हणताच येत नाही गं. तोंडातून निघतो तोच दगड होऊन. आईला कसं जमायचं कोण जाणे.

एक टपरी बंद होती, वर निळं प्लास्टिक बांधलेलं. तिच्या फळ्यांखालून त्याचं नाक बाहेर आलं.

तो धावत आला नाही, रसिका. पोट चिखलाला टेकवून सरपटत आला. थोडा पुढे, मग मागे, परत पुढे. एक डोळा सुजून मिटलेला, मागचा एक पाय उचललेला. माझ्यापासून हातभर लांब थांबला आणि तिथेच मुतला. मी त्याला घ्यायला वाकले तर त्याने उरलेला डोळाही मिटून घेतला. मार कधी पडतोय याची वाट बघत बसला होता.

मी त्या चिखलात बसले आणि मोठमोठ्याने रडले. बाबा गेले तेव्हा घरात माणसं होती, चहा करायचा होता, तेव्हा राहून गेलं होतं.

ओमकारने टॉवेल दिला, दूध दिलं. ‘ताई, माका खरोखरच ठावक नव्हता,’ म्हणाला. मी म्हटलं, ‘माका तरी खंय होता?’ सरबताच्या बाटल्यांच्या पिशवीत घालून त्याला एसटीने आणलं. कंडक्टरने पिशवीत डोकावून बघितलं आणि मला पुढची सीट दिली. आज जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. पाय मोडलेला नाही, डोळाही वाचेल म्हणाले.

आईला भेटला. त्याबद्दल नंतर लिहिते.

स्वप्ना


शिरोडा
रविवार, ६ जुलै

रसिका,

तुझे तीन मेल आले. तिन्हींत एकच प्रश्न, आईला बघून खाजाने काय केलं. मी उत्तर टाळत होते, तू ओळखलंच असशील.

त्या रविवारी संध्याकाळी मी पिशवी घेऊन खोलीत शिरले तेव्हा आई उशीला टेकून बसली होती. काशीबाईंकडून वेणी घालून घेतली होती. मी त्याला जमिनीवर ठेवलं. आईने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, ‘हाड रे माझ्या झिला, हाड!’

तो दचकला. मान खाली घालून भिंतीच्या कडेकडेने दाराबाहेर गेला, पडवी उतरला आणि मागच्या लाकडांच्या खोपीत जाऊन बसला.

आईला वाटलं, थकला असेल. दुसऱ्या दिवशी मी त्याला उचलून आणलं, तिने परत हाक मारली, हळू, अगदी कुजबुजत. परत तेच. तिसऱ्या दिवशी हातात तळलेल्या मासळीचा तुकडा धरून मारली. तो थरथरायला लागला. आंबोलीला त्याला तो शब्द शिकवला लोकांनी. आता हाड म्हटलं की शिरोड्यातला कुठलाही कुत्रा जसा जातो तसा तोही जातो. मी इतके महिने हेच तर मागत होते.

‘शिकयल्यानी गो तेका,’ आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. त्यानंतरचे काही दिवस मला आठवायचे नाहीत. जेवण तसंच परत यायचं. वॉकरवर मी टॉवेल वाळत घालायला लागले होते. खाजाही तसाच. खोपीत ताट ठेवून मी वळले की खायचा, माझी पाठ दिसेपर्यंत शिवायचा नाही. घरात दोन जीव दोन टोकांना तोंड फिरवून पडलेले आणि मी मधून ताटं घेऊन फिरते आहे.

मग एका सकाळी मी त्याला दूध द्यायला निघाले तर आतून हाक आली, ‘स्वप्ना, माका धर.’

मला वाटलं, न्हाणीघरात जायचंय. ती म्हणाली, ‘तो येणा नाय तर मीया जातंय.’

वॉकर धरून ती खोलीच्या दारापर्यंत आली आणि घामाघूम झाली. ओठ पांढरे पडले. मी म्हटलं पुरे, तर माझ्यावर खेकसली. दुसऱ्या दिवशी पडवी. मग पडवीच्या पायऱ्या, एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने काशीबाई. गेल्या सोमवारी ती खोपीपर्यंत पोचली. मी खुर्ची ठेवली होती, तिच्यावर बसली. लाकडांच्या आड त्याचे कान दिसत होते. ती त्यांच्याकडेच बघत होती. जुना शब्द तर गेला होता, नवीन कुठला वापरायचा ते बहुतेक ठरवत होती. मग म्हणाली, ‘हय ये.’

तेवढंच. हय ये. रोज जाते, रोज म्हणते, भुईवर भाताची मूठ ठेवते आणि माझ्या आधाराने परत येते. डॉक्टर बघून चकित झाले. काय व्यायाम करता, म्हणाले. आई म्हणाली, कुत्र्याक बोलवतंय.

वाडीतल्या सगळ्यांना मी सांगून आलेय, आमच्या कुत्र्याला हाड म्हणू नका. लोक माझ्या तोंडावर हो म्हणतात आणि पाठीमागे हसतात, हसूदेत.

तो अजून आलेला नाही. येईल असं आई म्हणते, पण मला खात्री नाही, आणि तुला खोटं लिहायचं आता सोडलंय. रात्री आई घरात झोपते आणि तो लाकडांत.

काल खुर्चीवरून उठताना ती मला म्हणाली, ‘तू पण म्हण गो.’ मी म्हटलं, माझं काय काम, मला बघून तो आणखी आत जाईल. ‘म्हण,’ म्हणाली.

मी गुडघ्यांवर बसले आणि म्हटलं, ‘हय ये.’ आवाज घोगरा निघाला. होमस्टेच्या पाहुण्यांना मी दिवसभर या, बसा म्हणते, पण ते वेगळं. घरच्या कोणाला मी हा शब्द शेवटचा कधी म्हटला होता, मला आठवेना. बाबांना जेवायला ‘चला’ म्हणायचे. आईला ‘ऊठ’ म्हणते. तुला तर प्रत्येक वेळी हेच विचारलं, परत कधी जाणार.

त्याने माझ्याकडे बघितलं. दोन्ही डोळे आता उघडतात. मग तोंड पायांवर ठेवून पडून राहिला.

मी बोलावलं म्हणून कोणी यावं असं मी काही केलेलं नाही, हे मला कळतं. तरी रोज जाऊन म्हणणार आहे.

तुलाही म्हणते. रसिका, ये.

स्वप्ना